पायाखालची विळी, ओट्यावरची सुरी

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं एक शेतकरी गाव उजेडात आणलं. घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा यांच्यासोबत तिथं दगडाची पाती मोठ्या संख्येने मिळाली. तांबं दुर्मीळ होतं, त्यामुळे रोजचं कापणं-सोलणं कॅल्सेडनी नावाच्या गारेसारख्या दगडाच्या लांबट, पातळ पात्यांवर चालायचं. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन गावांतल्या अशा पात्यांपैकी काहींची एक कड धारदार असते आणि दुसरी कड बारीक टवके काढून मुद्दाम बोथट केलेली असते. पातं लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत बसवायचं तर बोथट पाठ उपयोगी पडते. नुसतं हातात धरायचं तर त्याच पाठीवर बोट टेकवता येतं. तीन हजार वर्षांपूर्वी पातं घडवणाऱ्याने धारेबरोबर बोटाचीही सोय पाहिली होती.

पुढे लोखंड आलं. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, आणि विदर्भातल्या महापाषाणयुगीन दफनांमधून खंजीर, कुऱ्हाडी, छिन्न्या निघाल्या आहेत. लोखंडाचं पातं तापवून वाकवता येतं, ठोकून पातळ करता येतं, बोथट झालं की पुन्हा पाजवता येतं. दगडाच्या पात्याला यातलं काहीच जमत नाही. वाकवलेलं पातं लाकडी पाटावर उभं बसवायचं आणि पाट पायाखाली दाबून धरायचा, ही विळीची युक्ती लोखंडामुळेच शक्य झाली. मराठी स्वयंपाकघराने कित्येक पिढ्या आपली बोटं या युक्तीच्या भरवशावर टाकली.

सुरीने चिरताना भाजी जागेवर राहते आणि पातं चालतं. विळीवर पातं जागेवर राहतं आणि भाजी चालते. बोटांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. सुरी एका हातात असते, भाजी धरणारा दुसरा हात थांबलेला असतो, आणि चालतं पातं त्या थांबलेल्या हाताच्या दिशेने पुन्हा पुन्हा येत राहतं. विळीवर दोन्ही हात मोकळे असतात. पातं कुठं आहे हे शोधावं लागत नाही. ते जिथं होतं तिथंच असतं. म्हणूनच सरावलेली बाई बोलता बोलता, दाराकडे नजर ठेवून, गवारीची जुडी बारीक चिरून टाकते.

हे जवळून पाहण्यासारखं आहे. विळीवर बसणारी एक मांडी घालते, दुसरा गुडघा उभा ठेवते आणि त्या पायाचा तळवा पाटावर दाबते. धार तिच्याकडे तोंड करून असते. सोललेल्या कांद्याची अर्धी फोड ती दोन्ही हातांच्या बोटांत धरते, पात्याला टेकवते आणि पुढे, थोडी खाली ढकलते. चकती सुटते आणि खालच्या ताटात पडते. ढकलायचं काम तळहाताच्या जोरावर होतं. बोटांच्या टोकांकडे फक्त धरण्याचं काम असतं, आणि दोन्ही हातांची बोटं पात्याच्या दोन बाजूंना राहतात. कांदा संपत आला की हाताचा वेग आपोआप उतरतो. बुडखा आडवा धरून तो सावकाश संपवायचा, कारण विळीवर बोट कापतं ते बहुतेक वेळा शेवटच्या कापाला. ज्या बायकांनी आयुष्यभर विळी चालवली त्यांच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर बारीक काळसर रेघा असत. लोखंड आणि वांग्या-केळफुलाचा रस मिळून त्या काळ्या पडत. त्या रेघा त्वचेपुरत्याच राहत, खोल जखमेची वेळ क्वचित येई.

याचं श्रेय एकट्या विळीला नव्हतं. तिच्याभोवती नियमांचं कुंपण होतं. विळी उभी सोडून उठायचं नाही. पातं मिटवायचं, नाहीतर विळी आडवी करून भिंतीकडे पात्याचं तोंड फिरवून ठेवायची. विळी ओलांडायची नाही. हातातून हातात द्यायची नाही. जमिनीवर ठेवायची आणि दुसरीने उचलायची. रांगतं मूल घरात असेल तर कामापुरतीच खाली काढायची. आज यातल्या काही नियमांना अंधश्रद्धा म्हणून हसलं जातं, पण ज्या घरात माणसं जमिनीवरच बसत, जेवत आणि झोपत, तिथं उघडं पातंही जमिनीवरच असायचं. ते ओलांडायला बंदी असणं अगदी रास्त होतं.

शिकवण्यालाही क्रम होता. मुलगी आधी पालेभाजी निवडायला बसे. मग शेंगा मोडणं, लसूण सोलणं. भातुकलीत बोटभर उंचीची पितळी विळी असे, तिच्यावर खोटी भाजी चिरून बसण्याची ढब अंगात मुरे. खऱ्या विळीवर पहिल्यांदा भेंडी किंवा काकडीसारखी मऊ, हातात नीट बसणारी भाजी मिळे. कांदा नंतर, सुरण आणि लाल भोपळा तर फारच उशिरा. हे शिक्षण कुणी लिहून ठेवलं नाही. आई, आजी, आत्या यांच्या शेजारी बसून ते होत गेलं. ते फक्त मुलींना मिळालं, हा त्याचा मोठा दोष. घरातल्या मुलग्यांच्या हातांना ते कळलंच नाही.

विळीला वर्षातून सुट्टीही असे. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, असा नेम महाराष्ट्रात घरोघर पाळला जातो. त्या दिवशी उकडलेलं, वाफवलेलं अन्न करतात. पुरणाची दिंडं त्यातूनच आली. ग्रहणकाळात गरोदर बाईने काही चिरू नये, असंही सांगत. खंडेनवमीला मात्र शस्त्रांच्या आणि अवजारांच्या पूजेत कोयता-कुऱ्हाडीबरोबर विळीलाही हळदकुंकू मिळे. धार असलेल्या वस्तूचा धाक आणि मान असे दोन्ही घरात टिकून राहिले ते अशा दिवसांमुळे.

विळी गावातच घडत असे. पातं लोहार करी, पाट सुतार करी. दोघेही बारा बलुतेदारांतले. त्यांचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपात मिळे. पात्याला पाणी देणं हे लोहाराचं खरं कसब. तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करायचं, पण इतकं कडक नाही की नारळावर आपटलं तर टवका उडेल. मऊ राहिलं तर धार दोन दिवसांत मरते आणि चिरणारीला जोर लावावा लागतो. जोर लावावा लागला की हात घसरतो. बोथट पातं धारदार पात्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं ते याच कारणाने. म्हणून धार लावणाऱ्या शिकलगाराची गल्लीतली फेरी ही बोटांच्या सुरक्षिततेचीच सोय होती. शिकलगारांचा मूळ धंदा शस्त्रांना धार लावण्याचा. तलवारी खुंटीवर गेल्या तसे ते विळ्या, सुऱ्या आणि कातऱ्यांकडे वळले. सायकलवर बसवलेलं त्यांचं सहाणेचं चाक आजही एखाद्या गल्लीत ऐकू येतं.

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहणाऱ्याला विळीसारख्या साध्या वस्तूत किती कला ओतली गेली याची कल्पना येते. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेला आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाकडे सोपवलेला हा संग्रह दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. रोज हातात घ्यायच्या वस्तूवर कारागिराने एवढी मेहनत घ्यावी, यातच त्या वस्तूचं घरातलं स्थान दिसतं.

विळी एकट्या मराठी मुलखाची नाही. मालवणात तिला आडाळो म्हणतात, गोव्यात आदोळी. कर्नाटकात ईळिगे मणे, आंध्र-तेलंगणात कत्तिपीट, तमिळनाडूत अरुवामणै, ओडिशात पनिकी, बिहारात पहसुल, नेपाळात चुलेसी आणि बंगालात बोटी. जिथं जमिनीवर बसून रांधलं, तिथं पातं उभं राहिलं आणि पाय त्याच्या मदतीला आला. बंगालात तर मासे कापायची बोटी वेगळी आणि भाजीची वेगळी असे. एकोणिसाव्या शतकातल्या कालीघाटच्या चित्रांमध्ये बोटीवर मोठा मासा कापणारी बाई दिसते. चित्रिता बॅनर्जी या लेखिकेने बोटीवर एक सुंदर निबंध लिहिला आहे. मागूर, कोई असे बुळबुळीत मासे हातातून निसटू नयेत म्हणून बंगाली बायका हाताला चुलीतली राख लावत. निसटता मासा आणि उभं पातं एकत्र आले तर बोट जाणारच. ती राख बोटांसाठी होती.

कोकणाने बोटांसाठी असेच बारीक उपाय शोधले. फणस कापायचा तर हाताला आणि पात्याला आधी खोबरेल लावायचं. फणसाचा चीक बोटांना चिकटला की पकड बिघडते, आणि पकड बिघडली की फोड पात्यावर वेडीवाकडी जाते. सुरण चिरताना हाताला तेल किंवा चिंच चोळायची, कारण सुरणातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईदार कण कातडीत खाज आणतात, आणि खाजणाऱ्या हाताने विळीवर बसणं धोक्याचं. ओले काजूगर काढणाऱ्या बायकांची बोटं तर कापण्याआधीच भाजतात. काजूच्या टरफलातलं तेल कातडी सोलून काढतं, म्हणून त्याही हाताला राख किंवा तेल लावून बसतात. कोकणातल्या बाजारात ओले काजूगर महाग का असतात, हे त्या बोटांकडे पाहिलं की कळतं.

मासळी बाजारातही पातं उभंच आहे. मुंबईच्या बाजारांतल्या कोळिणी आजही मोठ्या उभ्या पात्यावर सुरमई आणि घोळ कापताना दिसतात. मासा दोन्ही हातांत, पाट पायाखाली. खाटकाकडे हीच रीत वेगळ्या रूपात आहे. हाडं तोडायला सत्तूर आणि लाकडी ओंडका असतो, पण मऊ मांसाचे बारीक तुकडे करताना अनेक खाटीक सुरी पायाच्या अंगठ्यात आणि बोटात उभी धरतात आणि मांस दोन्ही हातांनी तिच्यावरून ओढतात. रोज कित्येक किलो मांस कापणाऱ्यालाही पातं स्थिर ठेवणंच सोयीचं वाटतं.

मग स्वयंपाकघर उभं राहिलं.

१९५५च्या सुमारास बर्मा शेल कंपनीने मुंबईत 'बर्शेन' या नावाने सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली. १९६५ साली इंडियन ऑइलचा इंडेन गॅस कलकत्त्यात आला आणि पुढच्या दशकांत तो शहराशहरांत पोचला. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवावी लागते, त्यामुळे ओटा अपरिहार्य झाला. फ्लॅटमध्ये अडीच-पावणेतीन फूट उंचीचा कडप्प्याचा ओटा आला, त्यावर शेगडी, बाजूला नळ आणि भांडी घासायचं सिंक. गुडघेदुखीच्या बायकांना त्याने मोठा दिलासा दिला. धुरापासून सुटका झाली ती वेगळीच. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यातल्या गरीब घरांतही नेला, आणि चुलीजवळची बैठक तिथंही मोडू लागली. स्टेनलेस स्टीलची स्वस्त सुरीही ओट्याबरोबरच घरोघर पोचली. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली तयार केलेलं न गंजणारं पोलाद एव्हाना जगभरच्या स्वयंपाकघरांत रुळलं होतं.

ओटा आला, सुरी आली. पण सुरी धरायची कशी, हे शिकवणारी आजी तिच्याबरोबर आली नाही. तिला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

सुरीचं रीतसर शिक्षण मिळत होतं ते व्यावसायिक स्वयंपाकघरांत. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने १९५४ साली मुंबईत केटरिंगची संस्था सुरू केली. दादरची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था म्हणून ती आज ओळखली जाते. अशा संस्थांत विद्यार्थी आधी सुरी धरायला शिकतात, मग चिरायला. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत वळवायची, नखं भाजीवर जवळजवळ उभी टेकवायची, अंगठा आणि करंगळी इतर बोटांच्या मागे ठेवायची. मधल्या बोटाचा सांधा सगळ्यांच्या पुढे येतो. सुरीची सपाट बाजू त्या सांध्याला घासत वर-खाली होते. धार कधीही सांध्याच्या वर उचलायची नाही. एक काप झाला की सांधा थोडा मागे सरकतो आणि सुरी त्याच्या मागे येते. कापाची जाडी सांधा ठरवतो. सुरीचं टोक बोर्डावर टेकलेलं राहतं आणि मागची बाजू खालीवर होते. बोटांची टोकं आत असल्यामुळे पातं चुकलं तरी ते टोकांवर येत नाही. विळीवर पातं खिळ्याने स्थिर केलं होतं. इथं सांध्याच्या भिंतीने ते ताब्यात ठेवलं जातं.

जपानमध्ये हीच पकड मुलांना शाळेत शिकवतात. तिथं प्राथमिक शाळेच्या पाचव्या-सहाव्या इयत्तेत गृहविज्ञान हा विषय मुलगे आणि मुली दोघांनाही आहे, आणि भाजी धरणारा हात मांजराच्या पंजासारखा ठेवायचा, हे अकरा वर्षांच्या पोराला तिथं वर्गात समजतं.

मराठी घरात मात्र विळीच्या सवयी सुरीवर आल्या, आणि तिथं त्या उलट्या पडल्या. विळीवर भाजी हातात धरून चिरायची सवय होती, म्हणून सुरीनेही बटाटा हातातच धरून, थेट कढईवर चिरला जाऊ लागला. त्यात सुरी अंगठ्याकडे येते आणि अंगठा हाच तिचा अडसर होतो. काकडी कोचवतानाही तेच. डाव्या तळहातावर काकडी उभी धरून तिच्यावर सुरीचे उभे-आडवे घाव घालायचे आणि मग वरचा थर पातळ कापून काढायचा. कोशिंबिरीला त्याची सर दुसऱ्या कशाला येत नाही, पण काकडी संपत आली की प्रत्येक घाव तळहाताच्या जवळ जातो. कोचवलेली कोशिंबीर हवी तर शेवटचा तीन बोटं उंचीचा भाग बोर्डावर आडवा ठेवून चिरावा.

सगळ्यात मोठी चूक विळीच्याच बाबतीत झाली. घडीची विळी ओट्यावर चढवली गेली. तिथं पाटावर पाय नाही, अंगाचं वजन नाही. एका हाताने पाट दाबून दुसऱ्या हाताने नारळ खवायचा किंवा वांगं चिरायचं म्हटलं की विळीची सगळी सुरक्षा निघून जाते. तिची रचनाच दोन मोकळे हात आणि एक दाबलेला पाय यांवर बेतलेली आहे. ज्यांना विळी सोडवत नाही त्यांनी ती जमिनीवरच, पाय ठेवून वापरावी. खाली बसता येत नसेल तर ओट्याला पेचाने आवळायची खवणी आणि चांगली सुरी ही जोडी जास्त भरवशाची आहे.

सुरीसाठी लागतं फार थोडं. हाताच्या पंजाएवढं लांब, धारदार पातं. प्लास्टिकच्या मुठीची छोटी दातेरी सुरी टोमॅटोपुरती ठीक. जड लाकडी बोर्ड, आणि तो कडप्प्यावर घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं. गोल भाजी आधी अर्धी करून सपाट बाजू खाली टाकायची, म्हणजे ती लोळत नाही. लाल भोपळा आणि सुरण यांना आधी बूड कापून बसकं करायचं. सुरी सिंकमध्ये साबणाच्या पाण्यात सोडायची नाही. धुवायला आलेल्या हाताला ती दिसत नाही. आणि पडणारी सुरी झेलायची नाही, पाय मागे घ्यायचे.

तरीही कधीतरी बोट कापतंच. आपल्याकडे हळद दाबायची रीत आहे. रक्त थांबतं ते मुख्यतः दाबामुळे, म्हणून जखम नळाखाली धुवावी, स्वच्छ फडकं घट्ट दाबून हात वर धरावा आणि दहा मिनिटं फडकं काढून पाहू नये. खोल जखमेत हळद भरू नये, डॉक्टरांना ती आधी धुऊन काढावी लागते. बोटाच्या तळहाताकडच्या बाजूला कातडीखाली लगेच स्नायूंच्या दोऱ्या आणि नसा असतात. जखम दिसायला छोटी असली, पण बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दोरी तुटली असेल तर लवकर शिवण्याला महत्त्व आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, हेही तेव्हाच विचारावं.

विळीने मराठी घरांना एक गोष्ट दिली होती, आणि ती परत आणणं आपल्या हातात आहे: पातं हातात येण्याआधी शिकवणं. दहा-अकरा वर्षांचं मूल, मुलगा असो वा मुलगी, सुरी हातात घ्यायला तयार असतं. त्याला आधी मऊ काकडी द्या, बोटं आत वळवून दाखवा, सांधा पुढे ठेवायला लावा, आणि पहिले काही दिवस शेजारी उभे राहा. ज्यांनी आजवर बटाटा हातात धरून चिरला त्या मोठ्यांनीही उद्याची भाजी बोर्डावर, वळलेल्या बोटांनी चिरून पाहावी. पहिले चार दिवस वेळ जास्त लागेल, मग हात बसेल.